इलि-मरी

कतारगाम हे नाव आपल्या भागातल्या वाचकांच्या कानावरून फारसं गेलेलं नसेल. सुरत म्हटलं की आपल्याला लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या आठवतात, फार तर घारी आठवते, आणि शाळेत इतिहासाच्या तासाला लक्ष दिलेलं असेल तर १६६४ आणि १६७० हे दोन सन. कतारगाम हा त्याच सुरतेचा उत्तरेकडचा, तापीच्या अंगाचा भाग. एका गल्लीत हिऱ्याच्या घंट्या फिरतात, पुढच्या गल्लीत यंत्रमाग खडखडतात, तिसरीत एम्ब्रॉयडरीची यंत्रं. हिरे घासणारे बहुतेक सौराष्ट्रातून आलेले. मागांवर मात्र ओडिशापासून खानदेशापर्यंत सगळीकडची माणसं, आणि त्यांतच आपल्या इचलकरंजीचा एक जॉबर. ते आमचे दाजी.

दाजी १९८८ साली, बाविसाव्या वर्षी, माग दुरुस्तीचं कसब घेऊन सुरतेला गेले. १९९१ साली त्यांचं अक्काशी लग्न झालं. आमचं माहेर निपाणीचं. वडिलांकडचे सगळे मराठी, आई अथणीकडची, कन्नड. त्यामुळे आमच्या घरात रागावणं मराठीत आणि लाड कन्नडात अशी वाटणीच होती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती उलटी असेल. अक्का कतारगामला गेली आणि घरात गुजरातीची भर पडली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मित्रांशी गुजरातीत बोलतो, घरात मराठीत, आणि निपाणीच्या अज्जीशी फोनवर ‘हूं अज्जी, हूं अज्जी’ एवढ्या कन्नडावर पाच मिनिटं काढतो. दाजींना कन्नड कधी आलंच नाही. इचलकरंजीत असताना कानावर पडायचं तेवढंही अडतीस वर्षांत तापीला वाहून गेलं. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

गेल्या फेब्रुवारीत दाजींची साठीशांत होती. कॉलेजातून चार दिवसांची रजा काढून मी गेले. दाजी आता मागाच्या सुट्या भागांचं छोटं दुकान चालवतात, भाचा ते सांभाळतो. सूनबाई नंदुरबारची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यांची चार वर्षांची मुलगी म्हणजे घरातलं केंद्र सरकार. तिला दम्याचा त्रास आहे. सूनबाईच्या पर्समध्ये पंप कायम असतो, आणि तो कुठल्या कप्प्यात आहे हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

भाच्याकडे एक लहान, सेकंड-हँड गाडी आहे. थंडीत तो दुकानाला बाईकनेच जातो, त्यामुळे डिसेंबरपासून गाडी सोसायटीच्या आवारात कडुनिंबाखाली उभी. तिच्यापासून दहा पावलांवर चबुतरा. गुजरातेत पक्ष्यांना दाणा टाकण्यासाठी खांबावर उभारलेला असा चबुतरा गावोगावी असतो. सोसायटीतल्या बायका रोज सकाळी तिथे ज्वारी टाकतात. कबुतरं खातात त्याच्या निम्मी खाली सांडते, आणि खाली सांडलेल्या दाण्याला रात्री दुसरे धनी असतात.

साठीशांत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी खायला निघालो. फेब्रुवारी असूनही दुपारी ऊन चांगलंच होतं. भाच्याने एसी लावला मात्र, आणि गाडीत एक वास सुटला. ओल्या बारदानाचा, मुताचा, आणि त्याखाली आणखी काहीतरी कुजकट. काचा उघडेपर्यंत मुलीला खोकल्याची ढास लागली, मग छातीत घरघर सुरू झाली. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सूनबाईने पंप दिला. ती दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. दाजी रस्त्याकडे पाठ करून उभे होते. भजी राहिली. एसी बंद, काचा उघड्या, असे आम्ही घरी परतलो.

दुसरा दिवस रविवार होता. भाच्याने गाडी उघडायला घेतली.

गाडीचा केबिन फिल्टर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एवढा परिच्छेद सोडून द्यावा. गॅरेजवाले त्याला एसी फिल्टर म्हणतात. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, एक काळी जाळीदार पट्टी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते, ब्लोअरचा पंखा ती ओढतो, आणि आपल्या तोंडावर येण्याआधी ती या फिल्टरमधून गाळली जाते. कृत्रिम धाग्याचं, न विणलेलं, चुण्या घातलेलं पांढरं कापड आणि त्याला एक चौकट, एवढाच हा ऐवज. जरा महागाचा घेतला तर त्यात कोळशाचा थर असतो, तो वास धरतो. दहा-पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने तो बदलावा असं साधारण सांगितलेलं असतं. पण इंजिन ऑइलची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणारी माणसंही या फिल्टरकडे ढुंकून बघत नाहीत. काही जुन्या लहान गाड्यांत तर तो यायचाच नाही. त्याची खाच असायची आणि ती प्लास्टिकने बंद. भाच्याच्या गाडीत होता. शेवटचा कधी बदलला, हे गाडीच्या आधीच्या मालकालाच माहीत.

बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या, कागदपत्रं ठेवायच्या कप्प्यामागे असतो. कप्पा रिकामा करायचा, त्याच्या दोन्ही भिंती आतल्या बाजूला दाबायच्या, की अटकण सुटते आणि कप्पा खाली लोंबतो. मागे एक आडवं झाकण दिसतं. दोन खिट्ट्या काढल्या की फिल्टर खणासारखा बाहेर ओढायचा. पाना लागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. हे काम नव्या माणसालाही पंधरा मिनिटांचं आहे, आणि एरवी तेवढंच लागलं असतं.

फिल्टर अर्धा बाहेर आला आणि अडकला. भाच्याने मोबाईलचा उजेड आत पाडला. फिल्टरच्या वरच्या अंगाला पुरतं घर मांडलेलं होतं. बॉनेटच्या आतला काळा नमदा कुरतडून आणलेला, कागदी रुमालाचे तुकडे, भुईमुगाची टरफलं, ज्वारीचे दाणे, आणि त्या सगळ्याला गुंडाळलेला गुलाबी-हिरवा मांजा. चौदा जानेवारीच्या उत्तरायणात सुरतेच्या प्रत्येक गच्चीवरून जो मांजा झाडांवर, तारांवर लोंबत राहतो, त्यातलाच तो. खुद्द फिल्टरचं कापडही एका कोपऱ्यात पिंजून मऊ केलेलं. भोवती काळ्या जिऱ्यासारख्या लेंड्या. आणि मधोमध, करंगळीच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली सहा पिल्लं.

अक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. जन्म निपाणीत गेलेल्या बाईच्या तोंडून अशा वेळी जे निघायचं तेच निघालं. ती ओरडली, “अय्य! इलि मरी अदाव!”

वाचकांना अर्थ सांगायला नको. इलि म्हणजे उंदीर आणि मरी म्हणजे पिल्लू. नायि मरी, बेक्किन मरी, कोळि मरी. आमची आई तर आम्हाला लाडाने ‘मरी’ म्हणूनच हाक मारायची. पण दाजी मागे उभे होते, आणि त्यांना त्या तीन शब्दांतला एकच शब्द कळला. उंदीर त्यांना समोर दिसत होते. बायको किंचाळली होती ‘मरी’. मराठी माणसाला मरी म्हणजे गावाच्या वेशीवरच्या मरीआईची मरी, पटकी, प्लेग. दाजींनी पुढे होऊन नातीला दंडाला धरून उचललं आणि ते जिन्याने वर गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, “गाडी आजच्या आज देऊन टाका. कुणी फुकट नेली तरी चालेल.”

भाच्याला हसू आलं. मला आलं नाही. १९९४ साली मी नववीत होते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात गाठीच्या प्लेगचे रोगी सापडल्याची बातमी आली. आदल्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता. भेदरलेले लोक घरं सोडून बाहेर झोपत होते, घरांत धान्य तसंच पडून होतं, आणि त्यावर उंदीर माजले, असं तेव्हा सांगितलं गेलं. आपल्याकडे त्या बातमीने कुणी दचकलं नव्हतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सुरतेत माणसं तापाने, खोकल्याने, रक्ताच्या थुंकीने पटापट मरू लागली. हा फुफ्फुसाचा प्लेग. गाठीच्या प्लेगला उंदरावरची पिसू लागते; याला समोरच्याचा खोकला पुरतो. सुरुवातीचे बरेच रोगी कतारगामला लागूनच असलेल्या वेड रोडच्या परिसरातले होते. तापीचा पूर नुकता ओसरला होता आणि खोलगट वस्त्यांत चिखल, मेलेली जनावरं पडून होती. महाराष्ट्रातून पोटासाठी गेलेल्यांची मोठी वस्ती त्याच भागात. अक्का-दाजींची खोलीही तिथेच, आणि भाचा तेव्हा चौदा महिन्यांचा होता.

सरकारी हिशेबाने देशभरातले मृत्यू पन्नासच्या वर, साठच्या आत. पण चार-सहा दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. टेट्रासायक्लिन औषधांच्या दुकानांतून नाहीसं झालं, परदेशांनी भारताकडची विमानं थांबवली. हा प्लेग होताच का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. काही वर्षांनी झालेल्या जनुकीय तपासण्यांत प्लेगच्याच जंतूच्या खुणा मिळाल्या.

अक्का, दाजी आणि बाळ सुरतहून मुंबई, मुंबईहून कोल्हापूर आणि तिथून एसटीने निपाणीला आले. इचलकरंजीला जायची सोय नव्हती. दाजींच्या घरून निरोप आला होता, इतक्यात येऊ नका. आमच्या गल्लीनेही काही पायघड्या घातल्या नाहीत. वडील सज्जन माणूस, पण चारचौघांना भिणारे. त्यांनी तिघांना मळ्यातल्या खोपीत ठेवलं. आई सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायची, बांधावर ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. खोपीच्या दारात अक्का बाळाला घेऊन बसली होती, आणि आई बांधावरून त्याला हाका मारत होती, “मरी, ए मरी, इल्लि नोड.” म्हणजे इकडे बघ. त्या हाकेने खोपीत बसलेल्या दाजींना काय वाटत असेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दहा दिवसांनी त्यांना घरात घेतलं. तिघांना काहीही झालेलं नव्हतं. तरी गल्लीत वर्षभर अक्काची ओळख ‘सुरतवाली’ अशीच राहिली.

आमची पणजी सांगायची, की तिच्या आईवडिलांच्या काळातही असंच व्हायचं. घरात उंदीर पडू लागले की अख्खं गाव सामानसुमान घेऊन रानात झोपड्या बांधून राहायचं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दोन वर्षांत तो बेळगाव-धारवाडपर्यंत पोचला; १८९८ साली हुबळीत त्याने कहर केला. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरावरच्या पिसवा पसरवतात हे दाखवून दिलं. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडून जवळचं दुसरं ऊबदार अंग धरतात. रानात जाणाऱ्या आपल्या लोकांना पिसूचं शास्त्र ठाऊक नव्हतं. उंदीर पडलेल्या घरात राहायचं नाही, एवढं मात्र त्यांनी पक्कं धरलं होतं. इंग्रज अधिकाऱ्यांनाही शेवटी गाव रिकामं करण्याचा उपाय मानावा लागला. लहानपणी मला ही पणजीची एक गोष्ट वाटायची. मळ्यातली खोप बघितल्यावर तशी वाटेनाशी झाली.

तर दाजी वर गेले आणि खाली दुसराच प्रकार सुरू झाला. दुकानात हवेचा कॉम्प्रेसर आहे. मागाच्या भागांतली कापसाची धूळ उडवायला तो रोज लागतो. भाच्याने पाइप लांबवला आणि म्हणाला, दोन मिनिटांत सगळं साफ करतो. सूनबाई गॅलरीतून कपडे वाळत घालत होती. ती तिथूनच ओरडली, “हात लावू नका!” लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईचा आवाज मी प्रथमच ऐकला.

तिचं म्हणणं असं. उंदराच्या मुताचा, लेंड्यांचा कोरडा कचरा वाऱ्याने उडवणं किंवा झाडूने झाडणं यासारखा वेडेपणा नाही, कारण मग तो थेट छातीत जातो. मुलीला काल जो त्रास झाला त्याचं कारण कदाचित तेच असेल, असंही ती म्हणाली. उंदराच्या मुतातली आणि केसांतली प्रथिनं दमेकऱ्यांना बाधतात, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोरसारख्या शहरांत घरोघर तपासून सिद्ध झालेलं आहे. तिने पुढे हांता विषाणूचं नाव घेतलं. उंदरांच्या वाळलेल्या घाणीची धूळ श्वासात गेली की तो शरीरात शिरतो. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्याची मोठी साथ आली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू मेक्सिकोत नट जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा याच रोगाने वारल्या, आणि नंतरच्या तपासणीत त्यांच्या आवारातल्या शेडमध्ये, गाड्यांतसुद्धा उंदरांच्या खुणा सापडल्या. तो अमेरिकेतला विषाणू तिकडच्या रानउंदरांचा, आपल्या घरउंदरांचा नव्हे. आपल्याकडे काळजी करायची ती लेप्टोची. उंदराच्या मुतातून पाण्यात, चिखलात उतरणारा तो जंतू पायाच्या जखमेतून शिरतो. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात पावसाळा आला की डॉक्टर त्याच्या तयारीत असतात. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईनेही तो अनुभवला. आणि प्लेग? १९९४ नंतर २००२ साली हिमाचलात आणि २००४ साली उत्तराखंडात त्याचे छोटे उद्रेक झाले, आणि तिथेच आवरले. कतारगामच्या निंबाखाली सहा पिल्लं सापडली म्हणून प्लेग आला असं होत नाही. हे तिने गॅलरीकडे तोंड करून, जरा मोठ्याने सांगितलं. वरून उत्तर आलं नाही.

मग तिच्या पद्धतीने काम झालं. गाडीची चारी दारं उघडी टाकून अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही. हातात रबरी मोजे, नाकाला करोनाच्या दिवसांतले उरलेले एन-९५ मास्क. लॅबमध्ये ज्याला हायपो म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइटचं घरगुती द्रावण, एक भाग त्याचं आणि नऊ भाग पाणी, असं ताजं कालवलेलं. त्यात फिनेल किंवा संडास धुवायचं अॅसिड चुकूनही मिसळायचं नाही. अॅसिडमुळे क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. घरटं ओलं करायचं, पाच-दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग ओल्या कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधायचं. ब्लोअरच्या पंख्यावर, वायरींवर पाणी शिंपडायचं नाही, भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसायचं. बॅटरीची तार आधीच सुटी केलेली होती.

पण त्याआधी पिल्लांचा प्रश्न होता. पिल्लं जिवंत असताना हायपो ओतायला कुणाचाच हात होईना. अक्का म्हणाली, “बाळंतीण आहे ती. संध्याकाळी येईल आणि शोधत बसेल.” आपल्या बेळगावकडे गणपतीच्या दिवसांत उंदरी करतात, उंदीरमामाच्या नावाने मटणाचा नैवेद्य दाखवतात, त्या संस्कारातली ती. शेजारच्या काठियावाडी बा तर जीवदयेच्या पक्क्या. त्या बुटांचं खोकं घेऊन आल्या. आणि बुटांच्या खोक्याभोवती उभं राहून आम्ही तीन भाषांत चर्चा केली, जी ऐकून कुणी म्हणालं असतं की इथे एखाद्या मुलीचं लग्न ठरतंय. मला स्वतःला उंदरांचा कळवळा नाही. उंदराच्या मादीला एकवीस दिवसांत पिल्लं होतात, एका खेपेला पाच-सहा, आणि दीड-दोन महिन्यांत ती पिल्लंही संसाराला लागतात. हा हिशेब मी बोलून दाखवला. कुणी लक्ष दिलं नाही. सूनबाईने मोजे घातलेल्या हाताने घरट्याचा मधला मऊ भाग पिल्लांसकट उचलला, खोक्यात ठेवला, खोकं कुंपणाच्या भिंतीला सारलं. सकाळी ते रिकामं होतं. बा म्हणाल्या आई घेऊन गेली, भाचा म्हणाला कावळा.

या सगळ्या वेळात दाजी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. नात मांडीवर. खाली आले नाहीत, पण आतही गेले नाहीत.

रात्री जेवताना अक्काने त्यांना इलि मरीचा अर्थ सांगितला. त्यांना तो ठाऊक नव्हता यावर तिचा विश्वास बसेना. बत्तीस वर्षांपूर्वी मळ्याच्या बांधावरून सासूबाई त्या बाळाला काय म्हणत होत्या, हे त्यांना त्या रात्री कळलं. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “त्या म्हणतायत की मरी घेऊन आलात.” बत्तीस वर्षं आमच्या आईशी ते जेवढ्यास तेवढं बोलत आले होते. आम्ही त्याला इचलकरंजीचा ताठा समजत होतो.

मग जरा वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, ते पुढे बोलले. वेड रोडच्या खोलीला लागून एक धुळ्याकडचा गडी राहायचा, एकाच शेडात दोघं रात्रपाळी करायचे. तो दोन दिवस तापाने पडून होता. “मी कुलूप लावत होतो. त्यानं आतून पाणी मागितलं. माझ्या कडेवर हा होता.” हा, म्हणजे समोर बसलेला भाचा. अक्का त्या वेळी पिशव्या घेऊन खाली रिक्षाशी उभी होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. “दिवाळीनंतर परत आलो, तर त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. मी कुणाला विचारलं नाही.”

भाचा काही बोलला नाही. त्याने दाजींचं ताट उचलून आत नेलं. एरवी तो स्वतःचंही ताट उचलणारा नव्हे.

सुरत पुढे बदलली, हे सगळ्यांना माहीत आहे. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दीड-दोन वर्षांत त्यांनी ते शहर झाडून काढलं. रात्रीची सफाई सुरू झाली, बेकायदा बांधकामं पडली, अधिकारी रोज रस्त्यावर उतरू लागले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला नंबर घेतला. वेड रोडला आता ती खोली शोधायला गेलं तर सापडणार नाही. दाजी मला तिकडे घेऊन गेले होते. एका चारमजली इमारतीसमोर उभं राहून “इथं असावी” म्हणाले आणि ऊस पिळून देणाऱ्याकडे वळले.

नवा फिल्टर भाच्याने कोळशाचा आणला. तो बसवताना चौकटीवरचा बाण बघावा लागतो, हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेला. नंतर दोन दिवस एसी लावून, काचा उघड्या ठेवून, मुलीला न घेता गाडी फिरवली. मुलीच्या डॉक्टरांनी घरट्याची हकीकत नीट ऐकून घेतली, गाडीबरोबर घरातली अडगळही काढायला सांगितली, आणि पंप चालूच ठेवायचा म्हणाले. मी निघाले त्या दिवशी ती त्याच गाडीत बसून मला स्टेशनवर सोडायला आली. मधूनमधून मुद्दाम खोकून आमची तोंडं बघत होती, आणि आम्ही दचकलो की हसत होती.

उंदीर पुन्हा येऊ नयेत म्हणून काय करावं यावर प्रत्येकाचं मत वेगळं होतं. डांबराच्या गोळ्या ठेवण्याला सूनबाईने साफ नकार दिला. दमेकरी पोरीच्या गाडीत तो वास नको. तंबाखूची पानं ठेवा, असं निपाणीकर म्हणून मी सुचवलं, तोही वास बाद झाला. वायरी कुरतडू नयेत म्हणून होंडा कंपनी मिरचीचं तिखट लावलेली चिकटपट्टी विकते, हे भाच्याने कुठूनसं शोधून काढलं. त्यावर अक्का म्हणाली, ब्याडगी घेऊ नको, ती नुसती रंगाची, तिथे आपली संकेश्वरीच पाहिजे. गाडी उभी करताना बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबून ठेवलं तर आतली झडप मिटलेली राहते, एवढं मात्र सगळ्यांनी मानलं. चबुतऱ्याखाली सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यायचं बांनी कबूल केलं. गाडी निंबाखालून हलवून उजेडात लावली.

खरा उपाय दाजींनी केला. मी परत आल्यावर आठवड्याने अक्काचा फोन आला. दाजींनी दुकानातून स्टीलची बारीक जाळी आणली. उंदराचं पिल्लू करंगळी जाईल एवढ्या भोकातूनही शिरतं, म्हणून तीन मिलिमीटरची. वायपरखालची काळी पट्टी स्वतः खोलली, जाळी मापाने कापली, कडा दुमडल्या, बसवली. मागाच्या जॉबरचं काम; एक तार इकडची तिकडे नाही. आता दर रविवारी कप्पा उघडून टॉर्च मारून बघतात म्हणे, आणि नात शेजारी उभी राहून विचारते, “मरी आहे?” ते म्हणतात, “नाही.”

फोनवर मागून त्यांचा आवाज आला. मला वाटलं माझी चौकशी असेल. त्यांना आईशी बोलायचं होतं. मी फोन आईच्या हातात दिला. आई ऐंशीच्या पुढची, तिला ऐकू कमी येतं, आणि दाजींचं मराठी आता निम्मं गुजराती झालंय. दोघं बराच वेळ मोठमोठ्याने बोलत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? आई म्हणाली, पुढच्या महिन्यात येतायत. तुझ्या गाडीचं माप घेऊन ठेव म्हणाले, जाळी तिकडूनच कापून आणतो.